किती आले

पहाटे पावणेसहाला मेहूणच्या काठाशी गाडी थांबते.
चौघं उतरतात. तिघांच्या गळ्यात तोफा,
चौथ्या बाई अजून हातमोजा शोधतायत.
मी सुपडू भोई. दोन पोरं गेल्यावर आईनं
मला सुपात घालून गल्लीभर फिरवलं, म्हणून सुपडू.
हे मी सांगत नाही. सांगतो ते एवढंच :
होडीत उभं राहायचं नाही,
लाल काही घालायचं नाही,
आणि पक्षी उडवायचे नाहीत.

होडी बापाची. जाळं विकलं, ही ठेवली.
वल्ह्याऐवजी बांबू, कारण इथं तापीत पूर्णा शिरते
आणि येताना गाळ आणते.
कमरेइतकं पाणी, लांबच लांब.
धुकं असं, की चांगदेवाचं देऊळ
कुणी खोडरबरानं अर्धं पुसलंय.

मग ती ऐकू येतात.
घशातल्या घशात बारीक शिट्टी, मध्येच गुरगुर,
लग्नघराच्या मागच्या दारी
बायका भांडी घासत बोलतात तसं.
तलवार बदकं. शेपटीला टोक, मानेवर पांढरी रेघ,
चुन्याचं बोट ओढल्यासारखी.
शेजारी थापटे, फावड्याएवढ्या चोचीनं चिखल चाळत.

तिघांची बोटं सुरू होतात,
शेंगा फोडायला बसल्यासारखी.
त्यातला नाशिकचा, बिल्डर असावा, वळून म्हणतो,
"भाऊ, एक दगड टाका ना. उडताना पाहिजेत.
पाचशे वरून देतो."

पाचशे.
बांबूला डिझेल लागत नाही,
पण थोरलीच्या फैजपूरच्या कॉलेजला फी लागते.
बांबू गाळात रोवून मी उभा राहतो
(उभं न राहायचा नियम पाहुण्यांना).
म्हणतो, साहेब, सहा हजार किलोमीटर उडून आलीत.
अजून किती उडवता?
खरं तर किती ते मला ठाऊक नाही.
वनखात्याच्या पोरानं एकदा सांगितलं, मी धरून ठेवलं.

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलतात.
"मी जाऊन आलेय तिकडं. उत्तरेच्या टोकाला."
मोबाइल पुढं करतात.
राखाडी समुद्र. काठाला बर्फ,
फुटक्या बश्या टाकून दिल्यासारखा.
नजर जाईल तिथवर झाड नाही.
आणि गवतात, पिसांच्या खळग्यात, तपकिरी मादी.
तिच्या पोटाखालून डोकावणारं
एक फिकट, हिरवट अंडं.

बेचाळीस हिवाळे मी यांना पाहतोय.
त्याआधी बापानं पाहिलं, जाळ्यात धरून.
अंडं आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं.

"नर कुठाय?"
"तो तोवर निघून गेलेला असतो."
बिल्डर हसतो.

मी विचारतो, तिथं होडी कोण चालवायचं?
म्हातारा होता एक, बाई म्हणतात. रबरी बोट.
खांद्याला बंदूक, अस्वलांसाठी,
पण एकदाही झाडली नाही.
नुसता हात वर करायचा, आणि आम्ही थांबायचो.
नाव? थांबा हं... नाही आठवत.

उन्हाळा सरला की तो माणूस
रिकाम्या गवताकडं बघत असेल.
कुठं जातात ही, म्हणत असेल बायकोला.
त्याला कुणी दाखवलाय हा गाळ,
केळीच्या बागा, भुसावळकडचा धूर?

"बाई, माझा एक काढा. मागं बदकं येऊ द्या."
"पण त्याचा पत्ता नाही माझ्याकडं."
"असू द्या. काढून ठेवा."

नऊच्या सुमारास भोवत्या घिरट्या घालत आली
आणि अख्खं पाणी उठलं, आपसूक.
नाशिकवाला तेव्हा कार्ड बदलत होता.

घरी बनानं कळण्याची भाकरी थापता थापता विचारलं,
"किती आल्ते आज?"
"साडेतीनशे. थापटे धरून."
"अहो, माणसं इचारते मी."
"चार," म्हटलं.
नखातला गाळ अजून निघत नव्हता.